खुंट्यांत साठवलेली लाट

महेश्वरच्या किल्ल्यातून घाटाकडे उतरताना भिंतीवरून हात फिरवत जावं. दगडात कोरलेले नक्षीचे पट्टे बोटांना लागत राहतात. कुठे चटईची वीण, कुठे विटांची रांग, कुठे नर्मदेची लाट. त्याच किल्ल्यात रेहवा सोसायटीचे हातमाग आहेत. तिथे शिरलं की तीच लाट जरीत उमटताना दिसते. दगडातून ती कापडात आली कशी, हे समजेपर्यंत मी एका मागापाशी तासभर उभी होते.

आधी धाग्याचं सांगते. माहेश्वरी साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचे. ताण्याचं रेशीम २०-२२ डेनियरचं असतं. याचा अर्थ असा, की ९ किलोमीटर लांब धाग्याचं वजन अवघं २०-२२ ग्रॅम! सूत ८० नंबरचं किंवा त्याहून तलम. हा नंबर अजून पौंड आणि वारांच्या जुन्या हिशेबात मोजतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका सुताचा नंबर. म्हणजे ८० नंबरचं पौंडभर सूत उलगडलं तर ६७,२०० वार भरेल, जवळजवळ ६१ किलोमीटर. दीड पौंड सूत घेऊन महेश्वरहून निघालात तर इंदूर येईपर्यंत ते पुरेल. ही साडी अंगावर जाणवत कशी नाही, याचं उत्तर मला या हिशेबात सापडलं.

आता ती लाट. मागाच्या माथ्यावर लाकडाची एक यंत्रणा बसवलेली असते, डॉबी. तिच्यावरून लाकडी पट्ट्यांची माळ फिरते, रहाटगाडग्याची फिरते तशी. पट्ट्यांना भोकं असतात आणि त्यातल्या काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या असतात. माळ एकेक पट्टी पुढे सरकते. जिथे खुंटी, तिथले काठातले जरीचे धागे वर उचलले जातात. जिथे भोक रिकामं, तिथले खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा सुळकन जातो, फणी ठोकली जाते आणि ती ओळ कायमची कापडाची होते. मग पुढची पट्टी. खुंटी आहे किंवा नाही, एवढ्या दोनच उत्तरांत अख्खी लाट साठवलेली! माळेची टोकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे शेवटची पट्टी सरली की पहिली पुन्हा वर येते आणि लाट नव्याने सुरू होते. इंचाला ६० आडवे धागे धरले तरी साडेपाच मीटरच्या साडीत धोटा तेरा हजार वेळा इकडून तिकडे जातो.

वर न आलेली जरी जाते कुठे? ती कापडाच्या मागच्या बाजूला असते. पुढे जिथे सोनं, मागे तिथे मोकळी जागा आणि पुढे मोकळं तिथे मागे सोनं. या साध्या गोष्टीतून महेश्वरच्या विणकरांनी दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ काढला. त्याला तिथे बुगडी म्हणतात.

हा शब्द ऐकून माझा मराठी कान टवकारला आणि मग रंगांची नावं ऐकली. डाळिंबी, गुलबक्षी, जामला, तपकीर. मध्य प्रदेशात असल्याचं क्षणभर विसरायला झालं. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ साली कारभार हाती घेतला, महेश्वर राजधानी केली आणि विणकर बोलावून इथे वसवले. रंगांच्या डब्यात आपली भाषा अजून शाबूत आहे.

विसाव्या शतकात मात्र हा धंदा खंगत गेला. १९७९ साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सुरू केली. रेवा हे नर्मदेचंच नाव. तोवर मागावर बसायचा तो बहुधा पुरुष. घरातल्या बायका कांड्या भरायच्या, सूत उकलायच्या, तुटलेला धागा जोडायच्या. साडी मात्र ‘विणकराची’ आणि मजुरीही त्याच्याच हातात. रेहवाने बायकांना शिकवून मागावर बसवलं. मला यातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. धागा त्यांच्या बोटांना परका नव्हताच. परकी होती ती बसायची जागा. त्या जागेवर बसल्यावर मजुरी थेट त्यांच्या हातात आली. संस्था नफ्यासाठी नाही. विक्रीतून उरलेला पैसा विणकरांच्या मुलांची शाळा, घरं, औषधोपचार याकडे वळतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या ३५ लाखांवर हातमाग कामगारांपैकी सुमारे ७२ टक्के बायका निघाल्या. तरीही विणकर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे इतकी वर्षं पुरुषच येत होता, याची मला त्या दालनात लाज वाटली.

निघताना एका मागावरचा ताणा संपत आला होता. नवा ताणा ओवायचा म्हणजे हजारो धागे फणीतून पहिल्यापासून काढायचे. ते टाळण्यासाठी जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवतात आणि प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा सांधतात. दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, सोडायचं. ती बाई मांडी घालून बसली होती आणि मान वर न करता पीळ देत होती. एका धाग्याला दोन-तीन सेकंद. मी चपला घातल्या तेव्हा तिचा डावा काठ पुरा झाला होता आणि ती साडीच्या अंगात शिरली होती.