शरणपूरचे मास्तर

माझा भाचा काही वर्षांपूर्वी इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला गेला. इंग्रजीत एम. ए., वर टेफलचं सर्टिफिकेट, कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये पाच वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्याचा अनुभव. तिथल्या एका खासगी सेंटरमध्ये नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरबाईंनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पालकांनी विचारलं तर इंडिया म्हणू नका, कॅनडाचा आहे म्हणून सांगा. भाचा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी कॅनडा कॉर्नरचाच आहे." बाई खूश! आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा होतो. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कॅनडा कॉर्नर हा आमच्या शरणपूर रोडवरचा चौक.

लग्नात जे सांगत नाहीत ते असं. त्या सेंटरमध्ये तासाचे दोन दर होते. गोऱ्या मास्तराला एक, भारतीय आणि फिलिपिनो मास्तरांना त्याहून कमी. पुस्तक तेच, पोरं तीच, फळाही तोच. धडा तयार करायचा आणि वह्या तपासायचा वेळ कुणी मोजत नसे. सण आला की तास बंद, म्हणजे पैसे बंद. करार मुदतीआधी मोडला तर शेवटचा पगार कापणार, असं बारीक अक्षरात लिहिलेलं. बारा महिने काढून तो परत आला आणि आता कॉलेज रोडवर दुसऱ्यांना परदेशी जाण्यासाठी तयार करतो.

या धंद्याचा जगभरचा हिशेब थोडाफार असाच. कोरियात खासगी क्लासला हागवॉन म्हणतात. तिथे शिकवण्यासाठी जो ई-२ व्हिसा लागतो, तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यांना कुठल्याही विषयाची पदवी चालते. २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारानं आपल्यासाठी एक फट ठेवली, पण तिच्यातून जायला इंग्रजीचीच पदवी हवी आणि शिक्षकाचा परवानाही हवा. सातांच्या यादीत बसणाऱ्यांचं तरी सगळं सुखाचं असतं का? जपानमधली नोव्हा ही इंग्रजीच्या क्लासेसची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये बुडाली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. काहीजण जेवणाच्या बदल्यात शिकवण्या घेत होते. आणि आपल्या सरकारनं परदेशी नोकरदारांना वर्षाला किमान २५,००० डॉलर पगाराची अट घातली, तेव्हा खास खाद्यप्रकारांचे आचारी, दुभाषे आणि भाषाशिक्षक यांना सूट दिली. इंग्रजीचे शिक्षक मात्र कंसात घालून वगळले. परदेशी इंग्रजी मास्तर आपल्याला स्वस्तात नको, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं मी भराभर उरकतोय, कारण भाच्याच्या किस्स्यातला 'शरणपूर' हा शब्द मला गेली पंचवीस वर्षं सोडत नाही. या रोडवरून परदेशी शिकवायला गेलेला आमचा भाचा काही पहिला मास्तर नव्हे. त्याच्याआधी दीडशे वर्षांवर काही जण गेले होते. ते आफ्रिकन होते, नाशिकमध्ये शिकलेले होते आणि तासाचे दोन दर त्यांच्याही वाट्याला आले होते.

मूळ गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यातली पोरं मुंबईला उतरवली जात. पुढे त्यांचं करायचं काय, हा प्रश्न सरकार मिशनवाल्यांवर ढकलायचं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. शरण आलेल्यांचं गाव, असं साधं मराठी नाव. आयझेनबर्ग नावाचे जर्मन मिशनरी आधी इथिओपियात होते. त्यांच्या देखरेखीखाली आफ्रिकन मुलांचा आश्रम इथे आला. मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकत, आणि इंग्रजी शिकत. नावंही बदलून मिळत. आयझेनबर्ग, प्राइस, डाइमलर, फरार अशी गोऱ्या मिशनऱ्यांची आडनावं या मुलांना चिकटली. आईबापांनी ठेवलेलं नाव बहुतेकांच्या कागदावर राहिलंच नाही.

शरणपूरची म्हणून ज्यांची आठवण काढली जाते, ती लिव्हिंग्स्टनची पोरं. १८६५ मध्ये आफ्रिकेचे संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन मुंबईत आले आणि नाशिकच्या शाळेतून नऊजण त्यांच्याबरोबर निघाले. १८६६ मध्ये आफ्रिकेत निघालेल्या त्यांच्या तांड्यात बाँबे मरीन बटालियनचे तेरा शिपाई होते, जोहाना बेटावरचे दहाजण होते आणि हे नऊ 'नासिक बॉईज'. इंग्रजी लिखाणात हे नाव असंच चालत राहिलं. चांगले मिसरूड फुटलेले बाप्ये, तरी बॉईज! लिव्हिंग्स्टननं रोजनिशीत त्यांच्या आळसाबद्दल पुष्कळ कुरकुर केली आहे. त्यांची बाजू कुणी लिहून ठेवली नाही.

नाही म्हणायला एकानं लिहिली. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या पत्रकार स्टॅन्लेनं त्यांच्या मदतीला जी माणसं पाठवली, त्यांत नाशिकच्या शाळेतला जेकब वेनराइट होता. जातीनं याओ. १ मे १८७३ च्या पहाटे चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन गेले. सोबत्यांनी ठरवलं, की त्यांच्या पेट्या सगळ्यांसमक्ष उघडायच्या. उद्या कुणी चोरीचा आळ घ्यायला नको. लिहिता येणारा माणूस म्हणून जेकबला पुढं केलं. एकेक वस्तू बाहेर निघाली आणि जेकबनं डॉक्टरांच्याच वहीत यादी केली. मग काळीज झाडाखाली पुरलं, त्यावर प्रार्थना जेकबनं वाचली, झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीखही त्यानंच कोरली. तो बुंधा पुढे लंडनला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत गेला. देह वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून हजार मैलांहून जास्त वाट तुडवत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत स्टॅन्लेसारख्यांच्या जोडीला शरणपूरच्या शाळेतला हा विद्यार्थी होता. त्याच्या प्रवासाचे पैसे मिशननं भरले होते. ज्यांनी तो देह वाहून नेण्याचं खरं नेतृत्व केलं, ते सुसी आणि चुमा मागे राहिले. एका श्रीमंत स्नेह्यानं खर्च उचलल्यावर ते इंग्लंडला पोचले, तोवर अंत्यसंस्कार उरकला होता.

जेकबनं या परतीच्या वाटेची रोजनिशी इंग्रजीत लिहिली. तिचा जर्मन अनुवाद १८७४ मध्येच छापून आला. मूळ इंग्रजी हस्तलिखितही टिकून आहे. ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून जालावर यायला २०१९ साल उजाडलं. त्याच वर्षी पेटिना गप्पा या झिंबाब्वेच्या लेखिकेची कादंबरी आली. तिचा एक मोठा भाग जेकबच्याच तोंडी आहे. मी ती पानं पडद्यावर मोठी करकरून पाहिली. शाळेत घोटून घेतलेलं, उजवीकडे कललेलं अक्षर. मला त्या अक्षरात नाशिकचा मास्तर दिसतो, पण तो माझा हळवेपणा समजा. जेकब १८९२ मध्ये टांगानिकातल्या उरांबोला वारला.

जेकबनं हा लेख सगळा खाल्ला असता. पण मला खरी ओढ आहे ती विल्यम जोन्सची.

जोन्सही याओ, तोही गुलामांच्या गलबतातून सुटून इथे पोचलेला. १८६४ मध्ये जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड यांना शरणपूरहून मोंबासाजवळच्या राबाई गावी पाठवलं गेलं. तिथे योहान रेबमन नावाचा मिशनरी बरीच वर्षं ठाण मांडून बसला होता. किलिमांजारो पाहणारा हा पहिला युरोपीय. पुढे डोळ्यांनी अधू झाला. शाळा, प्रार्थना, दुभाषेगिरी, वर बांधकाम आणि शेती हे सगळं या नाशिककरांच्या गळ्यात. तिथले लोक त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणू लागले. रंग तिथला, पण चालबोल परका. आपल्याच खंडात ते परदेशी मास्तर ठरले.

१८७३ मध्ये तह होऊन झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्या तहासाठी झटणारे सर बार्टल फ्रिअर आधी आपल्या मुंबईचे गव्हर्नर होते. सुटलेल्या गुलामांसाठी १८७५ मध्ये मोंबासासमोर फ्रिअर टाउन वसलं. ते वसवायला प्राइसच नाशिकहून गेले आणि शरणपूरचे आणखी बरेच आफ्रिकन घेऊन गेले. मास्तर, सुतार, लोहार असे सगळेच. एका परीनं शरणपूरचाच साचा उचलून मोंबासाला नेला.

आता नोकरीच्या अटींकडे येतो. मिशनच्या दफ्तरात दोन याद्या असत. एकीत लंडनहून नेमलेले मिशनरी: त्यांचा पगार लंडनच्या हिशेबानं, दर काही वर्षांनी भरपगारी रजा, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. दुसरीत 'नेटिव्ह एजंट': त्यांचा पगार त्या मुलखातल्या भावानं. बाँबे आफ्रिकन दुसऱ्या यादीत पडले. खरं तर हिंदुस्थानातून तेही बोटीनंच आलेले. तीन-तीन, चार-चार भाषा येणारे. नवा गोरा मिशनरी आला की त्याची जीभ म्हणून आधी यांनाच उभं राहावं लागे. त्यांनी बरोबरीचा मान मागितला, की मिशनऱ्यांच्या पत्रांत ठरलेली तक्रार: हे लोक फार शेफारलेत, स्वतःला साहेब समजतात, कोटपाटलोण घालतात. कोटपाटलोण घालायला आणि इंग्रजी बोलायला शिकवलं कुणी, हे त्या पत्रांत नसतं. फ्रिअर टाउनचा कारभारी स्ट्रीटर फटक्यांवर वसाहत चालवायचा. ओरड झाली, १८८१ मध्ये चौकशी झाली आणि त्याला जावं लागलं.

जोन्सला मे १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी सेम्लरबरोबर दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेच्या त्या मिशनचे हे पहिले आफ्रिकन पाद्री. दोनच महिन्यांत बिशप युगांडाच्या वाटेला लागले आणि जोन्सला बरोबर घेतलं. सुमारे दोनशे हमाल, मसाईंचा मुलूख, वाट नवी. आजच्या मुमियासजवळ आल्यावर बिशपनी बहुतेक तांडा जोन्सच्या हवाली केला आणि पन्नास माणसं घेऊन ते पुढे गेले. २९ ऑक्टोबर १८८५ ला बुसोगात त्यांना मारलं. पन्नासांतले चौघं जीव घेऊन परत आले.

पुढचं सगळं जोन्सनं निभावलं. बातमी खरी की खोटी, थांबायचं की निघायचं, दाणागोटा किती दिवस पुरेल. वर कुणी साहेब नाही, विचारायला कुणी नाही. त्यानं वाट पाहिली, खात्री झाल्यावर माणसं वळवली आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये तांडा राबाईला आणला. पुढे एक निळं निशाण होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: 'इखाबोद'. बायबलच्या जुन्या करारातला, वैभव गेलं अशा अर्थाचा. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शंभर-दीडशे थकलेली माणसं, बहुतेकांना वाचता न येणारा शब्द, आणि तो शब्द निवडणारा नाशिकला शिकलेला मास्तर. हॅनिंग्टन हुतात्मा ठरले, त्यांची चरित्रं घरोघरी गेली. जोन्स त्या चरित्रांत तळटीपेपेक्षा थोडा मोठा आहे, इतकंच. तरी त्या भागातला वाचण्याजोगा मजकूर त्याच्या रोजनिशीतून घेतलेला आहे.

त्याचं दुसरं काम माझ्या मते पहिल्याहून मोठं, आणि ते वरिष्ठांचा हुकूम बाजूला ठेवून केलेलं. मालकांकडून पळालेल्या गुलामांना मिशनच्या जागेत थारा द्यायचा नाही, असा मिशनचा नियम होता. किनाऱ्यावरच्या अरबांशी वैर नको म्हणून. राबाईत मात्र पळालेले लोक येत राहिले. आधी जॉर्ज डेव्हिडनं, त्याच्यामागे जोन्सनं त्यांना राहू दिलं, झोपड्या बांधू दिल्या. डेव्हिड १८८४ मध्ये वारला. जोन्स तर स्वतःच विकला गेलेला माणूस. त्यानं दार लावावं अशी अपेक्षा लंडनहून करणं सोपं होतं. १८८८ मध्ये मालकांनी ओरड केली तेव्हा निस्तरायला प्राइसना म्हातारपणी पुन्हा मोंबासाला यावं लागलं. मोजदाद झाली, तर मिशनांच्या आसऱ्याला राहणारे चौदाशेहून अधिक फरारी निघाले, बहुतेक राबाईतच. ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीनं तोड काढली: मालकांना सुमारे ३,५०० पौंड भरपाई द्यायची आणि गुलामांना सुटकेचा कागद. १ जानेवारी १८८९ ला राबाईत ते कागद वाटले. समारंभाच्या हकिकतींत मॅकेन्झीची उदारता आहे, प्राइसची धडपड आहे. नियम पाळणारा मास्तर राबाईत असता, तर वाटायला माणसंच नसती.

पगारवाढ? या दोन कामांच्या बदल्यात जोन्सला पहिल्या यादीत घेतल्याचं मला कुठं आढळलं नाही.

फ्रिअर टाउनची घंटा मोंबासात अजून उभी आहे. त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, म्हणजे स्वाहिलीत 'घंटेपाशी'. आमच्याकडे काय आहे? रोडचं नाव आहे. सिग्नलला थांबलेल्या दहाजणांना शरणपूर म्हणजे काय विचारा, नऊजण ट्रॅफिकची तक्रार करतील. भाच्यालाही मी जोन्सची गोष्ट सांगितली. ऐकून घेऊन त्यानं एकच विचारलं: "मामा, त्याच्या करारात काय लिहिलं होतं?"

तो कागद मला सापडलेला नाही. नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती घरांत, एखाद्या माळ्यावरच्या पेटीत शरणपूरच्या शाळेची हजेरी, पगारपत्रक, आफ्रिकेहून आलेलं पत्र, गटाचा फोटो असं काही असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. वाळवी लागलेलं असलं तरी चालेल. अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका, मी घरी येऊन पाहून जाईन.