प्रकाशाचा हिशेब
छायालेखक आणि दिग्दर्शक गोविंद निहलानी

नागपूरचा मे महिना. दुपारचे दोन वाजलेले. बाहेर ऊन नुसते मी म्हणत असते. घरोघरी दारे-खिडक्या लावून, कूलर सुरू करून माणसे आडवी झालेली असतात. अशा अंधाऱ्या खोलीत झोप न येणाऱ्या मुलाला कधीकधी एक गंमत पाहायला मिळते. खिडकीच्या फळीला एखादे बारीक भोक असते. त्यातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, आणि नीट पाहिले तर त्या उजेडात चक्क बाहेरचा रस्ता दिसतो! सायकलवाला जातो, पण डोके खाली आणि चाके वर. तो खरा ज्या दिशेने जातो, त्याच्या उलट दिशेने भिंतीवर सरकतो.

प्रकाशकिरण सरळ रेषेत जातात, म्हणून असे घडते. वरून आलेला किरण भोकातून खाली उतरतो, खालून आलेला वर चढतो. कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली. भोकाच्या जागी भिंग आणि भिंतीच्या जागी फिल्म, एवढाच फरक.

भिंतीवरचे हे चित्र फार फिकट असते. ते उजळ व्हावे म्हणून भोक मोठे केले, तर चित्र अस्पष्ट होते. भोक लहान ठेवले, तर चित्र रेखीव होते, पण अंधूक राहते. भिंग बसवले की ही अडचण बरीच कमी होते. पण प्रकाश किती घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात काय सोडायचे, हा हिशेब काही सुटत नाही. चित्रपटाचा छायालेखक जन्मभर हाच हिशेब करत असतो. हा हिशेब शिकून पुढे नामवंत दिग्दर्शक झालेल्या एका माणसाची ही ओळख.

तंत्रनिकेतनातला विद्यार्थी

गोविंद निहलानी यांचा जन्म १९४० साली कराचीत झाला. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि हे सिंधी कुटुंब निर्वासित होऊन भारतात आले. त्या वेळी गोविंद अवघ्या सात वर्षांचे होते.

पुढे त्यांनी बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र तंत्रनिकेतनात छायालेखनाचा अभ्यास केला आणि १९६२ साली ते तो पूर्ण करून बाहेर पडले. चित्रपटाचा कॅमेरा चालवण्याचे शिक्षण तंत्रनिकेतनात मिळावे, याचे काहींना नवल वाटेल. पण भिंगाचे नाभीय अंतर, फिल्मवरील रसायने, दिव्यांची शक्ती हे सारे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रच आहे. कला त्याच्या पुढची पायरी.

मुंबईत निहलानी व्ही. के. मूर्ती यांचे साहाय्यक झाले. मूर्तीही त्याच तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी. गुरुदत्त यांच्या ‘प्यासा’ (१९५७) आणि ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटांचे छायालेखन त्यांचेच होते.

स्टुडिओत आणलेला सूर्य

‘कागज के फूल’मध्ये एक प्रसिद्ध दृश्य आहे. ओसाड, अंधाऱ्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एकच झोत तिरपा खाली येतो. असा झोत दिव्याने का जमत नाही? दिव्यातून निघालेले किरण पसरत जातात. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर. सूर्य मात्र सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचे किरण आपल्यापर्यंत येतात तेव्हा जवळजवळ समांतर असतात. दहा मीटर अंतर कापताना असा झोत फक्त नऊ-दहा सेंटिमीटर रुंदावतो.

मूर्तींनी मोठे आरसे वापरून बाहेरचे ऊनच स्टुडिओत आणले. बाहेरच्या आरशाने ते आत फेकायचे आणि आतल्या आरशाने हवे तिथे वळवायचे. हवेत थोडा धूर असला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि झोत डोळ्यांना दिसू लागतो. आपल्याकडे कवेलूच्या छपरातून येणारा कवडसा धुळीमुळे दिसतो, तसेच हे. अडचण एकच : पृथ्वी थांबत नाही. दर चार मिनिटांना सूर्य आकाशात एक अंश सरकतो, म्हणून आरसाही फिरवत राहावे लागते.

याच सुमारास बंगालमध्ये सुब्रत मित्र यांनी वेगळी वाट काढली होती. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी स्टुडिओत उभारलेल्या अंगणावर त्यांनी पांढरे कापड ताणले आणि त्यावरून दिव्यांचा प्रकाश परावर्तित केला. ढगाळ दिवसासारखा मऊ, ठळक सावल्या नसलेला उजेड त्यामुळे मिळाला. एका उपायात प्रकाश एकवटला आहे, दुसऱ्यात पसरवला आहे. या जागी उजेड खरोखर कुठून आला असता, हा प्रश्न मात्र दोन्हींच्या मुळाशी आहे.

डोळा आणि फिल्म

निहलानींनी स्वतंत्रपणे छायालेखन केलेला पहिला कथापट मराठी होता. विजय तेंडुलकर यांच्या नाटकावरून सत्यदेव दुबे यांनी दिग्दर्शित केलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) हा तो चित्रपट. त्यानंतर श्याम बेनेगल यांच्याबरोबर त्यांनी ‘अंकुर’ (१९७४), ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६), ‘भूमिका’ (१९७७) असे एकामागून एक चित्रपट केले. ‘जुनून’साठी (१९७८) त्यांना छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यांतले बरेच चित्रीकरण खऱ्या खेड्यांत, खऱ्या घरांत झाले. तिथली अडचण आकड्यांत पाहू. प्रकाश लक्स या एककात मोजतात. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर दिवा लावलेल्या साध्या खोलीत सुमारे शंभर लक्स. म्हणजे हजारपट फरक! आपला डोळा आणि मेंदू हा फरक सहज सांभाळून घेतात. त्या काळच्या रंगीत फिल्मला तो पेलत नसे. तिची संवेदनक्षमताही सुमारे १०० एएसए इतकीच होती. आजचे डिजिटल कॅमेरे ८०० किंवा त्याहून अधिक संवेदनक्षमतेवर सहज काम करतात.

शिवाय ‘मंथन’च्या वेळी कच्च्या फिल्मची टंचाई होती. गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन हा चित्रपट उभा केला होता. तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिल्मवर चित्रित करावा लागला. प्रत्येक फिल्मची रंग टिपण्याची तऱ्हा वेगळी. एकीवर माती जरा लालसर दिसेल, तर दुसरीवर निळसर. हे सारे जुळवून एकच गाव दाखवायचे होते. पुढे या चित्रपटाचे जतनकार्य झाले आणि २०२४ साली कान महोत्सवात तो पुन्हा दाखवला गेला.

कोणाचा चेहरा दिसावा?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एका झोपडीत माणूस बसला आहे. त्याच्या मागे उघडे दार आहे आणि दाराबाहेर लख्ख ऊन आहे. उन्हाच्या हिशेबाने भिंगाचे छिद्र लहान ठेवले, तर बाहेरचे झाड सुंदर येते, पण माणसाचा चेहरा काळा ठिक्कर पडतो. चेहऱ्याच्या हिशेबाने छिद्र मोठे केले, तर चेहरा दिसतो, पण दार पांढरेफेक होते. फिल्मला दोन्ही एकदम जमत नाही. निवड माणसालाच करावी लागते.

प्रकाशमापक यंत्रही ही निवड करून देत नाही. सर्वसाधारण दृश्य आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकते, असे धरून ते बनवलेले असते. सावळा चेहरा याहून कमी प्रकाश परत फेकतो, गोरा चेहरा अधिक. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या माणसाचे डोळे, त्याच्या कपाळावरच्या रेषा पडद्यावर दिसायच्या असतील, तर छायालेखकाने तसे मुद्दाम ठरवावे लागते.

१९८० साली निहलानी दिग्दर्शक झाले. पहिला चित्रपट होता ‘आक्रोश’. लेखन तेंडुलकरांचे, दिग्दर्शन आणि छायालेखन, दोन्ही निहलानींचे. लहान्या भिकू हा आदिवासी तरुण पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. खरे गुन्हेगार गावातले वजनदार लोक आहेत. वकील विचारतो, न्यायालय विचारते. लहान्या एक शब्द बोलत नाही. ओम पुरी यांनी जवळजवळ संपूर्ण चित्रपट मूक राहून ही भूमिका केली.

ज्याचे पात्र बोलतच नाही, असा चित्रपट कशाच्या आधारावर उभा राहील? चेहऱ्याच्या. आणि चेहरा उभा राहतो प्रकाशावर. ज्याचे कोणी ऐकत नाही, तो निदान दिसला तरी पाहिजे. छायालेखकाचा हिशेब आणि दिग्दर्शकाचे म्हणणे इथे एकच होऊन जाते. लहान्या अखेर तोंड उघडतो तेव्हा त्यातून फक्त आक्रोश बाहेर पडतो, आणि तोवर त्याचे मौन आपण इतके जवळून पाहिलेले असते की तो आपल्याला कळतो. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९८१ साली या चित्रपटाला सुवर्णमयूर मिळाला.

नागपूरच्या लेखकाचे नाटक

‘अर्धसत्य’ (१९८३) हा निहलानींचा गाजलेला चित्रपट श्री. दा. पानवलकर यांच्या मराठी कथेवर आधारलेला होता. त्यानंतर आला ‘पार्टी’ (१९८४). त्याचे मूळ नाटक नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार यांचे. मुंबईतील एका श्रीमंत घरी लेखक-कलावंत जमले आहेत. सगळे खूप बोलतात. पण ज्याच्याविषयी बोलणे सारखे येते तो कवी तिथे नाही, तो दूर आदिवासींच्या लढ्यात आहे. ‘आक्रोश’मध्ये न बोलणारा माणूस होता, इथे बोलतच राहणारी माणसे आहेत.

कथा एकाच रात्रीची, पण चित्रीकरण अनेक दिवसांचे. अशा वेळी प्रत्येक दिव्याची जागा, त्याचे अंतर, भिंगाचे छिद्र यांची नोंद प्रयोगवहीसारखी चोख ठेवावी लागते. नाहीतर एका वाक्यापुरता दिवाणखाना पिवळा आणि पुढच्या वाक्याला पांढरा दिसायचा!

गुरू आणि शिष्य

१९८८ साली दूरदर्शनवर निहलानींची ‘तमस’ ही मालिका दाखवली गेली. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरची ही कथा फाळणीच्या दंगलींची. सातव्या वर्षी घर सोडावे लागलेल्या मुलाने चाळिशी ओलांडल्यावर त्या दिवसांकडे वळून पाहिले. या वेळी कॅमेऱ्यामागे होते व्ही. के. मूर्ती. शिष्य दिग्दर्शक आणि गुरू त्याचे छायालेखक! पुढे २००२ साली निहलानींना पद्मश्री मिळाली, आणि मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले छायालेखक.

करून पाहा

एका मित्राला खिडकीकडे पाठ करून उभे करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याला पाहा. पडद्यावर आधी खिडकीवर बोट टेकवा, मग त्याच्या चेहऱ्यावर. दोन चित्रांत काय दिसले आणि काय हरवले, ते वहीत लिहा. मग मित्राच्या बाजूला, प्रकाश चेहऱ्यावर येईल असा, एक पांढरा पुठ्ठा धरा आणि पुन्हा पाहा. (सूर्याकडे थेट पाहू नका आणि आरशाचे ऊन कोणाच्या डोळ्यांवर पाडू नका.)

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करवून घ्यावा. परावर्तनाचा नियम तर मुलांना कळेलच. पण शेवटी त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : खिडकी आणि चेहरा यांपैकी एकच दाखवता येणार असेल, तर तुम्ही काय दाखवाल, आणि का? पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दुसऱ्या अर्ध्याचे ज्याचे त्याने शोधायचे आहे.