दोनशे वीस वजा वय, बाकी काय?

पहाटे शिवाजी पार्कला किंवा पुण्यात तळजाईच्या टेकडीवर गेलात, तर हे दृश्य हमखास दिसते. पन्नाशीचे गृहस्थ रमतगमत धावत असतात, जोडीदाराशी मुलीच्या लग्नाविषयी बोलणेही चालू असते. तेवढ्यात मनगटावरचे घड्याळ थरथरते, आकडा लाल होतो आणि गृहस्थ घाबरून थांबतात. घड्याळाच्या मते त्यांचे हृदय धोक्याच्या पट्ट्यात गेलेले असते. गृहस्थांना मात्र धापही लागलेली नसते. आता खरे कोणाचे मानायचे?

बहुतेक घड्याळांचे मूळ गणित साधे असते. २२० मधून वय वजा करायचे. उरेल तो हृदयाच्या ठोक्यांचा मिनिटाचा कमाल आकडा. त्याचे टक्के पाडून पाच पट्टे आखायचे. हे सूत्र व्यायामशाळांच्या भिंतींवर इतकी वर्षे टांगलेले आहे, की ते कुणा ऋषीने सांगितले असावे असे वाटावे. प्रत्यक्षात १९७०च्या सुमारास सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी त्या वेळी हाताशी असलेल्या दहाएक अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडून ओढलेली ती एक ढोबळ रेघ आहे. ती प्रत्येकाच्या छातीला लावावी असा त्यांचा हेतूच नव्हता! पुढे २००१ मध्ये हिरोफुमी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ निरोगी माणसांची माहिती एकत्र करून नवे सूत्र दिले: २०८ वजा वयाचे सात दशांश. चाळिशीत दोन्ही सूत्रांचे उत्तर १८० येते. पासष्टाव्या वर्षी मात्र जुने १५५ सांगते, तर नवे १६२-१६३.

पण सूत्र बदलल्याने मूळ दुखणे जात नाही. सरासरी ती सरासरीच. एकाच वयाच्या निरोगी माणसांतही हा कमाल आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो, काहींच्या बाबतीत त्याहून अधिक. समजा, दोन मित्र पन्नाशीचे आहेत. एकाचा खरा आकडा १८८, दुसऱ्याचा १५५. दोघेही १४० ठोक्यांवर धावत आहेत. घड्याळ दोघांनाही १७० धरून ८२ टक्के दाखवते. वास्तविक पहिला ७४ टक्क्यांवर मजेत आहे आणि दुसरा ९० टक्क्यांवर जीव काढतो आहे. पहिला भीतीपोटी व्यायाम सोडतो, दुसरा ‘मध्यम’ समजून रोज स्वतःला पिळून काढतो. बरे, १८८ वाल्याचे हृदय अधिक बळकट असेही नाही. हा आकडा बव्हंशी जन्मजात असतो, सरावाने फारसा वाढत नाही.

सरावाने बदलते ती विश्रांतीची नाडी. फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांच्या १९५७च्या अभ्यासातून आलेली पद्धत तिचाच आधार घेते. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणातच नाडी मोजावी. ती कमाल आकड्यातून वजा केली की उरते ती तुमची शिल्लक. त्या शिलकीचे टक्के काढून त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवायची. कमाल १७३ आणि विश्रांतीची ५८ असेल, तर साठ ते सत्तर टक्क्यांचा पट्टा १२७ ते १३८ येतो. विश्रांतीची ७८ असेल तर १३५ ते १४४. वय तेच, पण पट्टा वेगळा.

यातही कमाल आकडा अंदाजाचाच, हे खरे. म्हणून मुरलेले धावपटू निराळी वाट धरतात. अर्धा तास एकट्याने, टिकेल अशा पूर्ण जोराने धावायचे आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी नाडी आपला उंबरठा मानून त्यावरून पट्टे आखायचे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. त्यांना फुकटातली कसोटी पुरे: पूर्ण वाक्य बोलता येते तोवर वेग सोपा; दोन-चार शब्दांत धाप लागली की उंबरठा जवळ आला.

इस्पितळातल्या ट्रेडमिल चाचणीचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. ती चाचणी अनेकदा वयानुसार काढलेल्या आकड्याच्या ८५ टक्क्यांना थांबवतात, म्हणजे तो तुमचा कमाल आकडा नव्हेच. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली राहते, मग कोणतेच सूत्र लागू पडत नाही. आणि आपली हवा! मुंबईच्या दमट उकाड्यात तासभर धावले, की वेग तोच असूनही ठोके दहा-पंधरांनी वर सरकतात. त्वचेकडे वळलेले रक्त आणि घामाने गेलेले पाणी यांची भरपाई हृदय करत असते. तेव्हा जानेवारीत आखलेले पट्टे मे महिन्यात तसेच ठेवले, तर वेग कमी करावा लागणार हे धरूनच चालावे. घड्याळाच्या पोटात शिरून कमाल आकडा, विश्रांतीची नाडी हे सारे स्वतः भरण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. दुकानदार ते सांगत नाही, आणि माहितीपुस्तिका आपण वाचत नाही.