दोन मारिये आणि तुडवलेलं ताट

आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे, त्याला धड गोष्टच नाही. नायक नाही, लग्न नाही, शेवट गोड नाही. दोन तरुण पोरी आहेत, दोघींचंही नाव मारिये. सव्वा तास त्या खातात, खिदळतात आणि नासधूस करतात. एवढंच. तरीही हा सिनेमा आला तेव्हा तिथल्या संसदेत त्यावरून आरडाओरडा झाला. दोन पोरींच्या चाळ्यांनी राज्य करणाऱ्यांच्या पोटात का दुखावं, ते आज बघू.

सिनेमाचं नाव 'सेडमिक्रास्की'. गवतात आपोआप उगवणारं एक लहान पांढरं फूल असतं, आपल्या शेवंतीच्या कुळातलं, त्याचं हे चेक भाषेतलं नाव. इंग्रजीत त्यालाच डेझी म्हणतात. साल १९६६, देश चेकोस्लोव्हाकिया. युरोपच्या मध्यावरचा हा देश, आता त्याचे दोन देश झालेत. तेव्हा तिथे कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं. कारखाने सरकारचे, तसे सिनेमाचे स्टुडिओही सरकारचे. पैसा सरकारने द्यायचा आणि काय दाखवायचं यावर नजरही सरकारने ठेवायची. तरी त्या काही वर्षांत जरा मोकळं वारं सुटलं होतं आणि तरुण दिग्दर्शकांची एक फळीच पुढे आली. तिला 'नवी लाट' म्हणतात. त्या लाटेतली ठळक बाई म्हणजे वेरा खितिलोवा.

ही बाई सरळ वाटेने आलेली नाही. जन्म १९२९चा. इमारतींचे नकाशे काढायचं काम तिने केलं, कपड्यांची मॉडेल झाली, मग स्टुडिओत चित्रीकरणाआधी पाटी वाजवायची नोकरी धरली. तिशीला टेकताना सिनेमाच्या शाळेत दाखल झाली. या सिनेमाची पटकथा तिने एस्टर क्रुम्बाखोवा या दुसऱ्या बाईबरोबर लिहिली. कॅमेरा नवऱ्याने सांभाळला, हुकूम मात्र बायकोचा. दोन्ही मारिये झालेल्या मुली मुरलेल्या नट्या नव्हत्या.

सुरुवातीला पडद्यावर यंत्राची चाकं फिरतात आणि मध्येच विमानातून पडणारे बॉम्ब दिसतात. मग या दोघी, कळसूत्री बाहुल्यांसारख्या बसलेल्या. हात हलवला की गंजल्या बिजागरीसारखी करकर ऐकू येते. त्या ठरवतात की सगळं जगच बिघडलंय, तर आपणही बिघडू. झालं, तिथून धुमाकूळ सुरू.

एक मारिये म्हाताऱ्या पैसेवाल्याबरोबर हॉटेलात बसते. दुसरी येते, बहीण म्हणून खुर्ची ओढते आणि ताटावर ताट मागवते. त्याच्या खिशाला भोक पाडून त्याला रेल्वेत बसवून देतात आणि रडण्याचं सोंग करत निरोप देतात. एक प्रियकर फोनवरून काकुळतीला येऊन प्रेम सांगतोय, आणि इकडे या दोघी कात्री घेऊन सॉसेज, अंडी, केळी कचाकच कापतायत. हा प्रसंग बायकांच्या घोळक्यात बघावा. काही समजावून सांगावं लागत नाही.

चित्र कधी काळंपांढरं, कधी एकदम लाल, कधी हिरवं होतं. एका ठिकाणी तर दोघी कात्रीने एकमेकींनाच कापतात आणि नुसती मुंडकी हसत राहतात. रक्त नाही, वेदना नाही. स्वप्नात नाही का, माहेरच्या दारातून शिरावं आणि बाजारात निघावं? तसाच हा सिनेमा चालतो. 'हे असं कसं?' हा प्रश्न चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा.

आम्हाला सगळ्यात जास्त रुतला तो मक्याचा प्रसंग. पोरी शहराबाहेर जातात, कणसं चोरतात. वाटेत कामगार सायकलींवरून जातात आणि एकही मान वळवून बघत नाही. पोरी घाबरतात. कोणी बघत नाही म्हणजे आपण नाहीच की काय? मग त्यांना आपणच टाकलेली कणसांची सालपटं दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. कचरा आहे, म्हणजे आपण आहोत! हसू येतं खरं. पण दिवसभर राबून सातबाऱ्यावर आणि घराच्या पाटीवर जिचं नाव नाही, तिला हे हसताना जरा अडखळायला होईल.

आता ती मेजवानी. एका मोठ्या दालनात लांबलचक टेबल मांडलंय. भाजलेल्या कोंबड्या, केक, दारू, आणि माणूस एकही नाही. कोणा बड्यांसाठी मांडलंय हे उघड आहे. दोघी आधी बोटाने चाखतात, मग ओरबाडतात, मग एकमेकींवर केक फेकतात, टाचांच्या बुटांनी टेबलावर चालत जातात, झुंबराला लोंबकळतात. खरं सांगायचं तर हे बघताना आमच्या पोटात कालवलं. खळ्यावरचा दाणा न् दाणा वेचून घेणाऱ्या बाईला हे बघवणार नाही, आणि बघवू नयेच.

नेमकं हेच हत्यार राज्यकर्त्यांनी उचललं. १९६७च्या मे महिन्यात यारोस्लाव प्रुझिनेत्स नावाच्या प्रतिनिधीने २१ जणांच्या वतीने संसदेत आवाज उठवला. आमचे शेतकरी अडचणींतून पीक काढतात आणि हे लोक अन्न तुडवतात, असले सिनेमे थांबवा, असा सूर.

गंमत अशी की या आक्षेपाचं उत्तर वेराने आधीच देऊन ठेवलं होतं. सिनेमाच्या शेवटी उद्ध्वस्त शहरं दिसतात आणि त्यावर अक्षरं उमटतात. हा सिनेमा कोणाला अर्पण? तर ज्यांना फक्त तुडवलेल्या भाजीच्या वाफ्याचाच संताप येतो, त्यांना! दालनभर बॉम्ब टाकले तर चालतं, केक टाकला की पाप. आमच्या मते अन्नाची नासाडी वाईटच. पण युद्धावर गप्प बसून केकवर कडाडणाऱ्याला शेतकऱ्याचा किती कळवळा असेल?

स्वतः वेरा या पोरींचं कौतुक करत नव्हती. त्यांची पोकळ मौज दाखवायची होती, असं तिचं म्हणणं. बघणाऱ्या बायकांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. आम्हाला वाटतं दोन्ही खरं आहे, कारण पुढचा प्रसंग तसा आहे. नासधुशीनंतर दोघी अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून, वर सुतळी बांधून परत येतात. कुजबुजत, घाईघाईने आवरायला लागतात. आता आम्ही चांगल्या वागू, कष्ट करू, मग सुखी होऊ. फुटलेल्या बशीचे तुकडे जुळवून ताटाच्या जागी मांडतात, चिखल झालेला केक खरवडून परातीत भरतात. मग टेबलावर आडव्या होऊन म्हणतात की आम्ही सुखी आहोत. आणि वरून झुंबर कोसळतं.

१९६८च्या ऑगस्टमध्ये रशियाचे आणि त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे त्या देशात घुसले आणि मोकळं वारं थांबलं. पुढे काही वर्षं वेराला सिनेमा करू दिला नाही. बरेच जण देश सोडून गेले, ती तिथेच राहिली. १९७५ साली तिने थेट राष्ट्राध्यक्ष हुसाक यांना पत्र लिहून काम करायचा आपला हक्क मागितला. दुसऱ्याच वर्षी तिचा नवा सिनेमा तयार झाला. तो घडतो बाळंतिणींच्या दवाखान्यात, आणि त्यातली नर्स डॉक्टरसाहेबांना चांगलीच पुरून उरते.