दूरचित्रवाणीची गुणवत्ता : 'साइट', खेडा आणि 'हम लोग' यांच्या संदर्भात

साहित्यकृतीच्या गुणवत्तेचा विचार करताना आपण सामान्यतः संहितेपाशी थांबतो. ग्रंथ वाचकाची वाट पाहत ग्रंथालयात वर्षानुवर्षे राहू शकतो. प्रक्षेपणावर अवलंबून असलेल्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाला ही सवलत नसते. तो कोणत्या वेळी, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या सोबतीने पाहिला जातो, यावर त्याची परिणामकारकता ठरते. म्हणून दर्जेदार दूरचित्रवाणीचा विचार करताना निर्मिती, वितरण आणि प्रेक्षकाकडून निर्मात्याकडे परत येणारा प्रतिसाद या तिन्ही घटकांचा एकत्रित विचार करावा लागतो. भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातील तीन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले उदाहरण 'साइट' या नावाने परिचित असलेल्या उपग्रह-शिक्षण प्रयोगाचे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. या प्रयोगामागे विक्रम साराभाई यांची दृष्टी होती. त्याच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस यांनी वाहिली. तारेच्या जाळीचा साधा अँटेना आणि सार्वजनिक जागी ठेवलेला एक संच, एवढीच गावातील सामग्री होती. सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांवर कार्यक्रम होत. हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया या भाषांची सोय मुळातच योजनेत होती. काही गावांत समाजशास्त्रज्ञ मुक्काम करून प्रेक्षकांचे निरीक्षण करीत. वितरणाचा आराखडा आधी आणि आशय त्याला अनुसरून, हा क्रम येथे दिसतो. तथापि उपग्रह एका वर्षापुरताच मिळालेला असल्याने गावांना लागलेली सवय पुढे टिकविणे कठीण झाले.

दुसरे उदाहरण गुजरातमधील खेडा जिल्ह्याचे. १९७५ पासून पीज येथील लहान प्रक्षेपकावरून जिल्ह्यापुरते कार्यक्रम दाखविले जात. सार्वजनिक संच दूध सहकारी संस्थांसारख्या ठिकाणी ठेवलेले असत. शेतमजुरी, हुंडा, अस्पृश्यता असे विषय स्थानिक बोलीत हाताळले जात आणि ग्रामस्थ स्वतः त्यांत भाग घेत. ज्याच्या अन्यायाविषयी कार्यक्रम आहे, तो मजूर आणि ज्याच्याकडे तो काम करतो, तो जमीनधारक एकाच संचासमोर बसण्याची शक्यता येथे होती. कार्यक्रमाची धार या सान्निध्यातून येत होती.

तिसरे उदाहरण 'हम लोग' या मालिकेचे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर १५६ भागांत दाखविली गेली. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या बोधप्रद मालिकांची प्रेरणा तिच्यामागे होती. आरंभीचा कुटुंबनियोजनाचा उघड उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. तेव्हा तो सौम्य करून कौटुंबिक कथेला प्राधान्य देण्यात आले. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. सोशिक आई भागवंतीच्या चित्रणातून स्त्रियांच्या दुय्यम स्थानाविषयी प्रश्न उभा करावयाचा होता, परंतु अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. प्रतिसादाचा अभ्यास झाला नसता, तर हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर कळलेच नसते.

१९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत प्रक्षेपकांचे जाळे वेगाने विस्तारले. याच विस्ताराच्या काळात, १९८५ मध्ये, पीज येथील प्रक्षेपण बंद झाले. देशाच्या दृष्टीने दूरचित्रवाणीची व्याप्ती वाढली. खेड्यातील शेतमजुराच्या दृष्टीने मात्र त्याच्या मजुरीविषयी त्याच्याच बोलीत बोलणारे माध्यम नाहीसे झाले. व्याप्ती आणि परिणाम यांची गल्लत केली की असे नुकसान नोंदीत येत नाही.

आज चित्रफीत हातातील फोनवर सहज पोहोचते. वितरणाची अडचण सुटल्यासारखी वाटते. परंतु किती जणांनी पाहिले, या आकड्यातून प्रेक्षकाने काय ग्रहण केले हे समजत नाही. त्यासाठी प्रेक्षकापर्यंत जाऊन त्याचे म्हणणे ऐकण्याची आणि त्यानुसार पुढचा कार्यक्रम बदलण्याची व्यवस्था निर्मितीच्या खर्चातच धरावी लागेल.