गाण्याची खोली आणि शेजारचा वर्ग

बीड जिल्ह्याला गाणे काही नवे नाही. अंबाजोगाईस दासोपंतांची समाधी आहे, आणि त्यांची पदे तर गाण्यासाठीच रचलेली. आजही गावोगाव भजनी मंडळे आहेत. मुले पेटी-तबला शिकतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. अडते ते जागेपाशी. पत्र्याचे एक लांबलचक सभागृह असते. त्यात आडव्या भिंती घालून चार खोल्या केलेल्या, आणि त्या भिंतीही आढ्यापर्यंत पोचलेल्या नसतात. इकडे तीनताल, तिकडे पाढे! मग गुरुजी तबला बंद करायला सांगतात आणि परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाचा रियाज बुडतो.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो भिंतीला गोधड्या टांगण्याचा. कोणी अंड्यांचे पुठ्ठे चिकटवतात. खोलीतला घुमारा त्याने कमी होतो हे खरे. पण आवाज बाहेर जायचा तो जातोच. ही दोन कामे निरनिराळी आहेत. सन १८९५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात इतका घुमारा होई, की व्याख्यात्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि गादीगणिक घुमारा किती घटतो ते मोजले. गादीचे काम ते. शेजाऱ्याच्या कानाला ती वाचवीत नाही.

आवाज अडतो तो वजनाने. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात दोन-दोन हात जाड मातीच्या भिंती असत. आत जाते फिरले तरी गल्लीत फारसे कळत नसे. आवाजाचे माप डेसिबल. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडवते. मग भिंत दुप्पट जाड केली तर? अडवणूक दुप्पट होत नाही. जेमतेम पाच-सहा डेसिबलची भर पडते. त्यापेक्षा दोन पातळ भिंती, मध्ये चार बोटे पोकळी, आणि एकीचा दुसरीला स्पर्श नाही, ही रचना फार सरस. म्हणजे सभागृहात खोली करायची ती पेटीत पेटी ठेवावी तशी: तिच्या भिंती स्वतःच्या, छतही स्वतःचे, वरच्या कैच्यांना कुठेही न टेकलेले. तबल्याचा, त्यातही डग्ग्याचा, धक्का जमिनीतून जातो. म्हणून फळ्यांची बैठक जाड रबरावर उचलून घ्यावी.

पण इथे सांभाळायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळून. तेव्हा आवाज अडवायला वजन हवे म्हणून खोलीच्या छतावर वाळूची पोती रचू नका, मातीचा थर टाकू नका. मोकळी उभी विटांची भिंतही इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. लाकडी किंवा लोखंडी सांगाडा करावा, त्याला दोन्ही अंगांनी जिप्सम किंवा सिमेंटच्या तक्त्यांचे दुहेरी थर मारावेत आणि मधल्या पोकळीत रॉकवूल भरावे. कापूस आपल्याकडे मुबलक, कडबाही आहे. पण ते पेट घेतात, शिवाय उंदरांना घर मिळते. मुले बसतात त्या खोलीत ही काटकसर नको.

एवढे करूनही काम फसते ते फटींनी. भिंतीच्या शंभराव्या हिश्शाएवढे भोक राहिले, तर ती भिंत कितीही भक्कम असो, वीस डेसिबलच्या पलीकडे अडवणूक जात नाही. दाराखालची बोटभर फट, तारेसाठी पाडलेले भोक, तक्त्यांचे सांधे: सारे बुजवावे. दाराच्या चौकटीला सायकलची जुनी ट्यूब कापून लावली तरी चालते. दार पोकळ नसावे, भरीव आणि जड असावे. रेडिओच्या स्टुडिओत शिरताना एकामागून एक दोन दारे लागतात, ती याचसाठी.

मग वारा कुठून यायचा? वैशाखात पारा चाळिशीपार जातो, आणि बंद खोलीत पाच मुले कोंडणे बरे नव्हे. वाऱ्यासाठी लाकडी नळ करावा, त्याला दोन काटकोनी वळणे द्यावीत, आतून रॉकवूल लावून वर कापड ताणावे. वारा वळून येतो. आवाज प्रत्येक वळणावर जिरत जातो. असा एक नळ आत येणारा, दुसरा बाहेर जाणारा, आणि त्यावर लहानसा पंखा. गादीचा उपयोग इथे, आणि खोलीच्या एखाद्या भिंतीवर. तिथे गोधडी टांगायला हरकत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा सूर स्वच्छ ऐकू येतो.

काम झाल्यावर अंधार पडू द्या. सभागृहातले दिवे मालवून आतल्या खोलीत मोठा दिवा लावा, दार ओढून घ्या आणि बाहेरून एक फेरी मारा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाजही येणार. खडूने खूण करा, सकाळी गवंड्याला दाखवा.

खर्च झेपत नसेल तर तूर्त दोनच गोष्टी कराव्यात. तबल्याची खोली कोठाराच्या बाजूला न्यावी, म्हणजे मध्ये एक रिकामी खोली पडते. आणि वेळापत्रकात तबल्याच्या तासाला शेजारी पाढ्यांऐवजी कवायत किंवा बागकाम ठेवावे.