रक्त घट्ट झाले की उष्माघात का होतो?

मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांपुढे गेला आणि उन्हामुळे कलम 144 लावावे लागले. अशा उन्हात आतली उष्णता रक्त त्वचेपर्यंत आणते आणि घाम वाळताना ती बाहेर पडते. शरीरातले पाणी घटले की रक्तातील पेशींचे प्रमाण वाढते, रक्त घट्ट होते. त्वचेकडे ते कमी पोहोचते, घामही आटतो आणि अंग तापते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी, ताक घ्या. हृदय वा किडनीचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला तर 108 ला फोन करा. त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध रुग्णाला काहीही पाजू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.